'दर्या' आणि 'दऱ्या' : संगणकीय संहितेतील एका चिन्हाचा प्रश्न

मराठी संहितांचे संगणकीकरण करताना 'ऱ्य', 'ऱ्ह' या जोडाक्षरांतील र-काराकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र, तर 'दऱ्या' हे 'दरी'चे अनेकवचन. एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस सह्याद्री असलेल्या रत्नागिरीत हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. हा भेद केवळ अर्थाचाही नव्हे. 'दर्या'तील 'द'वर आघात येऊन तो गुरू होतो. 'दऱ्या'त तो लघूच राहतो. म्हणजे चार मात्रांच्या जागी तीन होतात आणि प्रश्न छंदाच्या अभ्यासकापर्यंत पोहोचतो.

आमच्या एका विद्यार्थिनीने मिरकरवाडा परिसरातील गीतांची शब्दसूची संगणकावर केली, तेव्हा तीत 'दऱ्या' हा शब्द जवळजवळ आढळलाच नाही. 'दर्या' मात्र अपेक्षेहून अधिक वेळा आला. गीतांत समुद्र असणारच, म्हणून प्रथम कोणासच शंका आली नाही.

कारण लेखनपद्धतीत होते. युनिकोडमध्ये हा र-कार दोन प्रकारांनी लिहिता येतो. एक, ०९३१ या सांकेतांकाचा 'ऱ' घेऊन त्यास हलन्त जोडणे. द्राविडी भाषांतील र-ध्वनीच्या लिप्यंतरासाठी असलेले हे अक्षर मराठीच्याही उपयोगी पडले. दुसरा प्रकार जुना : साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती भिन्न आहेत.

हिंदीला हे चिन्ह लागत नाही. त्यामुळे ज्या टंकात त्याची योजना नसते, तेथे ब्राउझरमध्ये 'ऱ' पाय मोडलेल्या अवस्थेत सुटा पडतो. हा दोष निदान दिसतो, आणि टंक बदलला की जातो. खरा धोका दुसऱ्या प्रकारात आहे. मजकूर 'स्वच्छ' करणाऱ्या आज्ञावल्या अदृश्य चिन्हे काढून टाकतात. तसे झाले की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, आणि तोही निर्दोष मराठी शब्द असल्याने शुद्धलेखनतपासणीस खटकत नाही.

म्हणून इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'र'च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळणारा 'ऱ' वापरावा, हे उत्तम. जुन्या संहितेत 'र', हलन्त व जोडचिन्ह हा क्रम शोधून त्याजागी 'ऱ' व हलन्त घालावे. पण हे काम अन्य कोणत्याही सफाईच्या आधी व्हावयास हवे. नंतर केल्यास शोधण्यासारखे काही उरतच नाही.

आमच्याकडे ते आधीच घडून गेले होते. विद्यार्थिनीस प्रत्येक 'दर्या' मूळ वह्यांशी ताडून पाहावा लागला. वह्यांतही घाईच्या हस्ताक्षरात रफार की आडवी वक्ररेषा हे काही ठिकाणी ठरेना. तेथे पुन्हा ध्वनिफिती लावून 'द'वर आघात आहे की नाही, ते ऐकावे लागले.