तपासणीनंतर वागणूक बदलते का?

कसारा घाट ओलांडणाऱ्या मालमोटारींच्या चालकांना एचआयव्हीच्या तपासणीचा आग्रह का करतात? हा विषाणू शरीरात शिरला तरी माणूस वर्षानुवर्षे धडधाकट दिसतो. रक्त तपासल्याखेरीज कळत नाही.

पण कळून वागणूक बदलते काय? अमेरिकेतील अनेक पाहण्यांचा २००५ साली एकत्रित हिशेब मांडला गेला. लागण ठाऊक असलेल्यांत निरोधाविना संबंधांचे प्रमाण, ठाऊक नसलेल्यांपेक्षा ५३ टक्क्यांनी कमी आढळले. उलट, १९९९ च्या एका आढाव्यात ‘लागण नाही’ असे कळलेल्यांच्या वागण्यात फारसा फरक दिसला नाही! शिवाय हा निर्वाळा फसवाही असू शकतो. प्रतिपिंडे तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर नेहमीच्या तपासणीत लागण दिसत नाही.

लागण आढळल्यास सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातील विषाणू न सापडण्याइतके घटले व तसेच राहिले, की लैंगिक संबंधातून लागण पुढे जात नाही.