गालातली गोळी

लेकरा, दिवाळी झाली की तू जिनिंगवर जाणार, म्हणून आज हे तोंड उघडून दाखवतो. मोज. खाली सहा, वर एक. वरच्याला जोडीदारच नाही, तो नुसता बघत बसतो.

माझा बाप इथं येलदरीच्या धरणावर माती टाकायला होता, १९६८ साली धरण पुरं झालं तोवर. काम उघड्यावर, त्यामुळं तो बिडी ओढायचा. छातीच्या दुखण्यानं गेला. दात तेवढे शाबूत होते. यावरून बिडी बरी, असं समजू नको.

जिनिंगमध्ये सगळीकडं कापूस न् रुई. काडी ओढली तर राख, म्हणून बिडी-काडी फाटकावरच काढून घेतात. बरोबरच आहे ते. पण तलफ काही फाटकावर ठेवता येत नाही. मग जो तो तंबाखू-चुना मळतो आणि गोळी गालात सारतो. आमचा मुकादम सांगायचा, गोळी धरली की धूळ घशात उतरत नाही. साफ खोटं! धुळीला नाकातोंडावर फडकं बांध.

माझी गोळी रोज डाव्या गालात, एकाच जागी. तिथली हिरडी आधी खाली सरकली, मुळं उघडी पडली, गार पाणी लागलं की कळ जायची. पुढं दात हलायला लागले, पण ठणका नव्हता. ठणका असता तर डॉक्टरकडं तरी गेलो असतो. चाळिशीत दात हलला तर ते म्हातारपण नव्हे, दुखणं आहे. तेव्हाच दाखव.

खिशात फुटाणे ठेव. तलफ आली की दोन-चार टाक. सुपारी नको, तिनं तोंड आवळत जातं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी कुणीतरी पुडी पुढं करीलच. महिन्यातून एकदा तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघ. नाही गेली, किंवा गालात पांढरा चट्टा, न भरणारी जखम दोन आठवडे राहिली, तर पाळी बुडव आणि परभणीला सरकारी दवाखाना गाठ. तंबाखू सोडायची असली तर १८००-११-२३५६ ला फोन लाव, फुकट आहे. नंबर तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो, बघ.

मिश्रीनं दात घासू नको. आजी लावते म्हणून काय झालं, तीही भाजलेली तंबाखूच. रात्रपाळीचा गोड चहा झाला की चूळ भर. झोपण्याआधी मऊ ब्रश, हळू हातानं.

आणि रुईच्या गाठीची पट्टी तुटून तोंडावर बसली, दात मुळासकट निघाला, तर फेकू नको. पांढऱ्या बाजूनं धर, मूळ चोळू नको. पेलाभर दुधात बुडवून अर्ध्या-पाऊण तासात दातांच्या डॉक्टरकडं पळ, बसवता येतो. दूध कुठून आणू म्हणशील, तर फाटकासमोर चहाची टपरी असतेच.