डिझेल गाडी घ्यावी का? काशीमीराकरांसाठी खर्चाचा हिशेब

काशीमीरा नाक्यावरून निघालेल्या गाडीला तीन वाटा असतात. दक्षिणेला दहिसर चेकनाका ओलांडून अंधेरी-वांद्र्याकडे, फाउंटन हॉटेलपाशी उजवीकडे वळून घोडबंदर रोडने ठाण्याकडे, नाहीतर सरळ वर्सोवा पुलावरून वसई, मनोर, वापीकडे. डिझेल घ्यावी की पेट्रोल, याचं निम्मं उत्तर तुमची गाडी यातल्या कोणत्या वाटेला लागते त्यात आहे आणि निम्मं महिन्याच्या किलोमीटरमध्ये. शोरूममध्ये मात्र बोलणं सुरू होतं ॲव्हरेजवरून आणि पंपावरच्या दरावरून. त्यामुळे गरज नसताना डिझेल घेणारे आणि गरज असूनही पेट्रोल घेऊन बसणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक भेटतात.

डिझेल स्वस्त, हे डोक्यात पक्कं बसलंय ते २०१२च्या सुमारापासून. पेट्रोलचे दर २०१०मध्ये खुले झाले, डिझेलचे सरकारच्या हातात राहिले, आणि दोन्हींतलं अंतर लिटरमागे तीस रुपयांपर्यंत गेलं. त्या काळात लोक डोळे झाकून डिझेल घेत होते आणि ते चुकतही नव्हते. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे दरही खुले झाले. २०२५मध्ये मुंबई परिसरात पेट्रोल साधारण १०३ रुपये ५० पैसे आणि डिझेल ९० रुपये, म्हणजे अंतर साडेतेरा रुपयांचं. एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले, डिझेलचा धूर स्वच्छ ठेवण्याची यंत्रणा महागली आणि मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. लहान हॅचबॅकमध्ये आता डिझेल जवळपास मिळत नाही. उरलंय ते एसयूव्ही आणि मोठ्या गाड्यांत: क्रेटा, नेक्सॉन, स्कॉर्पिओ, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा वगैरे.

तरीही चालवणारे डिझेलच मागतात, त्यामागे पैशाखेरीज एक खरं कारण आहे. क्रेटाचंच बघा. तिच्या दीड लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क १४४ न्यूटन-मीटर, आणि तोही ४५०० आरपीएमला. तेवढ्याच दीड लिटरच्या डिझेलचा २५०, आणि तो १५०० आरपीएमपासूनच हाताशी. गाडी चालवताना याचा अर्थ असा, की गणपतीला पाच माणसं, मागे सामान आणि एसी चालू ठेवून आंबा घाट चढताना पेट्रोलवाला गियर उतरवत, इंजिन ओरडवत जातो. डिझेलवाला तिसऱ्या गियरवर निवांत चढतो. वर्सोवा पुलापलीकडे ट्रेलरला ओव्हरटेक करतानाही हाच फरक जाणवतो. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा दहा टक्क्यांहून थोडी जास्त असते, शिवाय डिझेल इंजिन हवा जास्त दाबून तिचा वापरही चांगला करतं. म्हणून कंपनीच्या आकड्यांत क्रेटा मॅन्युअल पेट्रोलवर १७.४ आणि डिझेलवर २१.८ देते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, त्यामुळे पेट्रोलचं ॲव्हरेज थोडं घटतं. डिझेलला ही अडचण नाही.

आता पैशाचं बोलू. समजा, एकाच मॉडेलची पेट्रोल गाडी एक्स-शोरूम १३ लाखांना आहे आणि डिझेल साडेचौदा लाखांना. जीएसटी यात धरलेलाच असतो. एक गोष्ट जाता जाता सांगतो: २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या गाड्यांत १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतचं डिझेल, दोघांनाही १८ टक्केच जीएसटी आहे. पूर्वी सेस धरून २९ आणि ३१ टक्के असायचा. म्हणजे लहान डिझेलवरचा हा जादा भार गेला. पण आरटीओत तो आहेच. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या गाडीला एकरकमी कर पेट्रोलसाठी १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांत १२, त्यापुढे १३. डिझेलसाठी हेच आकडे १३, १४ आणि १५. आपल्या उदाहरणात पेट्रोलवर १ लाख ५६ हजार, डिझेलवर २ लाख ३ हजार. कराचाच फरक ४७ हजारांचा. थर्ड पार्टी विमा सीसीवर ठरतो, इंधनावर नाही. १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीला तीन वर्षांचे १०,६४० रुपये, दोघांनाही सारखेच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा किमतीवर असतो, तो डिझेलला थोडा जास्त पडतो. सगळं धरून ऑन-रोड फरक सरळ दोन लाख धरा.

कंपनीचं ॲव्हरेज आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये कुणालाच मिळत नाही. हायवे आणि शहर मिळून पेट्रोल १२, डिझेल १६ देईल असं धरू. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ८ रुपये ६२ पैसे, डिझेलचा ५ रुपये ६२ पैसे. बचत तीन रुपये. डिझेलची सर्व्हिसिंग महाग असते, कारण इंजिन ऑइल जास्त लागतं आणि डिझेल फिल्टरही वेळेवर बदलावा लागतो. त्यासाठी किलोमीटरला तीस पैसे वजा करा. उरले २ रुपये ७० पैसे. दोन लाख भागिले २.७० म्हणजे ७४ हजार किलोमीटर. इतकी गाडी चालल्यावर जादा दिलेले पैसे परत येतात, बचत त्यानंतरची.

कर्ज असेल तर गणित आणखी लांबतं आणि शोरूमवाला ते कधी सांगत नाही. जादाचे दोन लाख पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले, तर व्याज ४९ हजारांच्या आसपास जातं. मग वसुली ९२ हजार किलोमीटरवर. महिन्याला ८०० किलोमीटर चालणाऱ्या माणसाला त्यासाठी साडेनऊ वर्षं लागतील. महिन्याला २००० चालणाऱ्याला पावणेचार ते चार. माझं मत स्पष्ट आहे: महिन्याला दीड हजाराच्या खाली असाल, तर पैसे वाचवण्यासाठी डिझेल घेऊ नका. घाटातल्या ओढीसाठी घ्यायची तर जरूर घ्या, पण ती हौस आहे हे मनाशी पक्कं असू द्या. दर बदलत राहतात, म्हणून त्या दिवशीचे दोन भाव आणि तुमच्या शोरूमचं कोटेशन घेऊन हाच हिशेब कागदावर मांडा. पाच मिनिटांचं काम आहे.

किलोमीटर भरपूर आहेत, पण सगळे दहिसर नाका आणि घोडबंदरच्या कोंडीत जात असतील, तर? इथे डीपीएफ समजून घ्यायलाच हवा. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. तो भरत आला की इंजिन स्वतःहून जास्त इंधन सोडून त्याचं तापमान सहाशे अंशांच्या घरात नेतं आणि काजळी जाळून टाकतं. त्यासाठी गाडी साठच्या पुढच्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं सलग चालावी लागते. गायमुख घाटात पहिल्या-दुसऱ्या गियरवर सरकणाऱ्या गाडीला ते मिळत नाही. आयडलिंग नेहमीपेक्षा चढलेलं, ॲव्हरेज एकाएकी पडलेलं, गाडी बंद केल्यावरही पंखा घोंगावतोय, जळकट वास येतोय, ही काजळी जाळण्याचं काम चालू असल्याची खूण. चालत्या गाडीत अशी खूण दिसली, तर इंजिन बंद करू नका. डीपीएफचा दिवा लागला, की त्याच दिवशी किंवा पहाटे रस्ता मोकळा असताना वर्सोवा पुलावरून विरारच्या बाजूला एक फेरी मारून या. दिवा दुर्लक्षित राहिला, तर वर्कशॉपमध्ये फिल्टर साफ करायला हजारांत आणि बदलायला लाखाच्या घरात खर्च येऊ शकतो. फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला देणारे मेकॅनिकही भेटतील. तो ऐकू नका. ते बेकायदा आहे, आणि ती काजळी नाक्यावर सिग्नलला उभ्या असलेल्या माणसांच्या छातीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने जून २०१२मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे.

अनेक नव्या डिझेल गाड्यांत धूर स्वच्छ करणारं ॲडब्लू हे द्रावणही वेगळ्या टाकीत भरावं लागतं. ट्रकवाले त्याला युरिया म्हणतात. खर्च मोठा नाही, पण ही टाकी पूर्ण संपली तर गाडी पुन्हा चालू होत नाही. लांबच्या प्रवासाआधी पातळी बघून घ्या.

रोज बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत किंवा वापीला जाणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. वापी इथून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. आठवड्यातून तीन फेऱ्या झाल्या तरी महिन्याचे साडेतीन हजार किलोमीटर सहज होतात, फिल्टरला हवा तसा रस्ता मिळतो आणि दोन-अडीच वर्षांत फरक वसूल. यांनी डिझेल बिनधास्त घ्यावी. खानिवडे आणि चारोटीचा टोल इंधनावर ठरत नाही, पण ऑगस्ट २०२५मध्ये तीन हजारांना सुरू झालेला फास्टॅग वार्षिक पास या लोकांनी घ्यायलाच हवा.

अंधेरी-ठाण्याच्या कोंडीतच दिवस जाणाऱ्यांनी सीएनजी बघावी. २०२५मध्ये किलोला ८० रुपयांच्या आसपास भाव होता, आरटीओ करही पेट्रोलपेक्षा कमी. डिकी जाते आणि पंपावर रांग लावावी लागते, हे मान्य करूनच घ्या. बजेट मोठं असेल तर स्ट्राँग हायब्रिड कोंडीतच सगळ्यात चांगलं ॲव्हरेज देते.

पुढे विकताना काय, हा प्रश्नही आज विचारायला हवा. दिल्लीत डिझेलला दहा वर्षांची मर्यादा आली, तशी ती महाराष्ट्रात नाही. इथे पंधरा वर्षांनी फिटनेस तपासून नोंदणी वाढवता येते. पण जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई परिसरातून पेट्रोल-डिझेल वाहनं टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, याचा अभ्यास करायला सांगितलं आणि राज्य सरकारने सात जणांची समिती नेमली. बारा-पंधरा वर्षं गाडी ठेवायच्या विचाराने डिझेल घेणाऱ्यांनी ही जोखीम धरूनच चालावं.

दिल्लीच्या त्या नियमामुळे तिथल्या जुन्या डिझेल गाड्या आपल्याकडे स्वस्तात येतात. भाव ऐकून हुरळू नका. तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला वाहनकर पुन्हा, हे दोन्ही किमतीत धरा. गाडी बघायला सकाळी, इंजिन थंड असतानाच जा. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर सगळे दिवे पेटून विझतात की नाही ते नीट बघा, कारण बीएस-६ गाडीत डीपीएफचा दिवा मुद्दाम बंद करून ठेवलेला असू शकतो. सर्व्हिसच्या नोंदी कंपनीच्या वर्कशॉपमधून घ्या, आणि चाचणीला गाडी गायमुखच्या चढावर न्या: टर्बो किंवा क्लच गेलेला असेल तर तिथे कळतं.