आधी वाचा, मग सही करा

माझे थोरले बंधू अण्णा सातपूरला राहतात. वय ७३. अंगणात पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. त्यांच्याजवळ आयुष्मान कार्ड होते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या कोणालाही हे कार्ड मिळते. गरीब-श्रीमंत असा भेद नाही. आधार कार्ड तेवढे लागते.

अण्णांना दवाखान्यात भरती केले. एक जण कागद घेऊन आला. म्हणाला, "इथे सही करा." वहिनी नुकत्याच वाचायला शिकलेल्या. त्यांनी बोट ठेवून कागद वाचला. ‘डॉक्टरांची फी वेगळी देऊ,’ असे त्यात होते. वहिनी घाबरल्या. पाटल्या गहाण टाकायच्या की काय?

आम्ही आरोग्यमित्राला गाठले. योजनेतल्या दवाखान्यात तो असतो. तो म्हणाला, "गुरुजी, फी यातच आली. एक पैसाही देऊ नका." पाटल्या वहिनींच्या हातातच राहिल्या.

मंडळी, हे ध्यानात ठेवा. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा खर्च योजनेतून होतो. डॉक्टरांची फी, औषधे, तपासण्या, खाट, जेवण सारे त्यात येते. मात्र भरती न होता नुसती तपासणी केली, तर पैसे आपले.

भरती होताना विचारा :
१. हा दवाखाना योजनेत आहे का?
२. हा आजार योजनेत बसतो का?
३. आरोग्यमित्र कुठे बसतो?

कार्ड पहिल्याच दिवशी दाखवा. तरी कोणी पैसे मागितले, तर पावती मागा आणि १४५५५ वर फोन करा. या फोनला पैसे पडत नाहीत.

वाचता येते, तर वाचल्याशिवाय सही कशाला?