पेशीचे मरण कसे ओळखतात?

विद्यार्थी मित्रहो, आपला निपाणी भाग तंबाखूच्या पिकासाठी प्रसिद्ध. पण तंबाखू खाण्याने तोंडाचा कर्करोग होतो, हेही आपण जाणतो.

शरीरातील बिघडलेली पेशी एरवी स्वतःहून मरते. या नियोजित मरणाला १९७२ साली ‘अपॉप्टोसिस’ हे नाव मिळाले. कर्करोगाची पेशी हे मरण टाळते.

औषधाने ती मरू लागली का, हे प्रयोगशाळेत दोन रंगांनी ओळखतात. मरू लागलेल्या पेशीच्या आवरणातील आतला स्निग्ध पदार्थ बाहेरच्या बाजूस येतो. त्याला ‘ॲनेक्सिन’ प्रथिन चिकटते व त्यावरचा हिरवा रंग चमकतो. लाल रंग मात्र आवरण फाटल्यावरच आत शिरतो. केवळ हिरवा दिसला, तर नियोजित मरण सुरू झाले असे समजतात.

पालकहो, औषधांचा शोध चालूच राहील. आम्ही एवढेच म्हणतो, घरातली तंबाखूची चंची आजच दूर करा.