कोयनेची वीज आणि आपले पाणी



गटात फिरताना आम्हांला एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "साहेब, पाणी इकडं कमी पडतंय, मग कोयनेचं पाणी घाटाखाली का सोडतात?" प्रश्न रास्त आहे. त्यासाठी वीज कशी होते ते आधी पाहू.

कोयनेचा साठा सुमारे १०५ टीएमसी. धरण सह्याद्रीच्या पूर्वेला, पण मोठी वीजघरे पश्चिमेला, डोंगराच्या पोटात. १९६२ साली पहिली वीज झाली ती पोफळीला. जलाशयाचे पाणी बोगद्याने डोंगर पार करते आणि पोलादी नळातून सुमारे ४७५ मीटर खाली येते. तोटीतून सुटलेली धार चाकाच्या वाट्यांवर आदळते, चाक गरगरा फिरते. त्याच आसावरचे लोहचुंबक तांब्याच्या वेटोळ्यांत फिरतात आणि वीज तयार होते. आपली मोटार वीज खाऊन फिरते. जनित्र फिरून वीज देते, एवढाच फरक.

वीज मिळते ती पाणी आणि उंची या दोहोंच्या जोरावर. पोफळीला हजार लिटर पाण्यापासून साधारण एक युनिटाहून थोडी जास्त वीज होते. धरणाच्या पायथ्याशी पडण्याची उंची फार कमी, म्हणून तेवढ्याच पाण्याची वीजही फार कमी. पाणी पश्चिमेला नेण्याचे कारण हेच.

पाणी वापरून संपत नाही. पोफळीचे पाणी कोळकेवाडी धरणात साठवून पुन्हा वीज करतात. मग ते वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. आपल्याला मात्र ते मुकलेच. म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पायथा वीजगृहातून सुटणारे पाणी मात्र कराडला कृष्णेत येते आणि आपल्या उसाला मिळते.

आता आपल्याकडे पाहू. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला सुमारे चार युनिट घेते. पोफळीच्या हिशोबाने हे साडेतीन हजार लिटर पाणी झाले. रात्री लाईट आली की मोटार चालू करून झोपायचे, सऱ्या फुटून पाणी ओढ्याला, यात विहिरीचे पाणी जाते आणि धरणाचेही. तेव्हा फूटव्हॉल्व तपासा, खोडव्यात पाचट ठेवा, जमेल त्यांनी ठिबक करा. लवादाचा निवाडा आपल्या हाती नाही. बांधावरचे बारे आपल्याच हाती आहे.