रिकामा सेल म्हणजे शून्य नव्हे

अगं, काल रात्री तुझा मेसेज वाचला. "ताई, इफ लावायला बसले की नुसते कंसच दिसतात." शाळेच्या ऑफिसात लागून जेमतेम महिना झाला आणि निकालाचं काम अंगावर पडलं, जीव घाबरणारच. चहा घेऊन बस आणि सावकाश ऐक.

आधी एक्सेल बंद कर. कागदावर तुझी अट साध्या मराठीत लिही. 'गुण ३५ किंवा जास्त असतील तर उत्तीर्ण, नाहीतर अनुत्तीर्ण.' झाला फॉर्म्युला! 'तर'च्या जागी पहिला स्वल्पविराम, 'नाहीतर'च्या जागी दुसरा. उत्तर शब्दात असेल तर त्याला दुहेरी अवतरण हवं, आकड्याला नको. ३५ अवतरणात घातलास की एक्सेल त्याला आकडा मानतच नाही. आणि 'पेक्षा मोठा'च्या खुणेपुढे 'बरोबर'ची खूण विसरू नकोस. ती राहिली तर काठावर पास झालेलं पोर नापास होतं.

श्रेणी लावायची असेल तर वरून खाली ये. दहावीसारखंच, आधी ७५ ला विशेष प्रावीण्य, मग ६० ला प्रथम, ४५ ला द्वितीय, शेवटी ३५. पहिली खरी अट सापडली की इफ तिथंच थांबतं, पुढचं बघतसुद्धा नाही. सुरुवात ३५ पासून केलीस तर ९२ गुणांची मुलगीही नुसती 'उत्तीर्ण' दिसेल. एकात एक ६४ इफ घालता येतात, २००७ च्या आवृत्तीआधी ७ च चालायचे. पण चालतात म्हणून घालू नयेत गं. चार-पाचच्या पुढे गेलीस तर दुसऱ्या दिवशी तुझं तुलाच वाचता येणार नाही.

आता एक गोष्ट सांगते, आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही. माझ्या पहिल्या नोकरीत एक मुलगी तापाने आजारी होती, गणिताच्या पेपरला आलीच नाही. तिचा सेल रिकामा. मी फॉर्म्युला खालपर्यंत ओढला, प्रिंट काढली, वाटली. दुसऱ्या दिवशी तिचे बाबा कागद घेऊन टेबलाशी उभे. "पोरगी पेपरला बसलीच नाही मॅडम, मग नापास कशी?" रिकाम्या सेलची आकड्याशी तुलना केली की एक्सेल तो शून्य धरतं, आणि शून्य ३५ पेक्षा कमी. मला हे ठाऊकच नव्हतं. घाईघाईने मी त्या सेलमध्ये 'गैरहजर' लिहिलं, तर पुढे उमटलं 'विशेष प्रावीण्य'! कारण एक्सेलच्या लेखी कुठलाही शब्द कुठल्याही आकड्यापेक्षा मोठाच. त्या बाबांसमोर मला वर बघवेना. त्या घरात आदल्या रात्री काय झालं असेल, हे आजही मनातून जात नाही.

म्हणून तू सगळ्यात बाहेर एक राखणदार बसव. टाइप इंग्रजीत करायचं, पण वाचायचं असं: =इफ(इझनंबर(सी२), इफ(सी२>=३५, "उत्तीर्ण", "अनुत्तीर्ण"), "तपासा"). म्हणजे सी२ मध्ये खरोखर आकडा आहे का, हे आधी विचार. असेल तरच पास-नापास ठरव, नसेल तर माणसाने बघावं. खरंच शून्य मिळालेला मुलगा यातून बरोबर नापास होतो आणि आजारी मुलगी 'तपासा'मध्ये थांबते.

खाली ओढण्याआधी एका कोऱ्या शीटवर ३४, ३५, ७४, ७५, ०, एक रिकामा सेल आणि एक 'गैरहजर' घालून बघ. सरासरी काढली असेल तर ३४.६ सुद्धा घाल. दशांश लपवलेले असतील तर पडद्यावर ३५ दिसतं आणि शेजारी 'अनुत्तीर्ण' येतं. पालक पडद्यावरचंच वाचणार ना! गुण पूर्णांकात करायचे की नाही हे मुख्याध्यापकांना विचार, ते तू ठरवायचं नाही. ते हो म्हणाले तर राउंड लाव.

आणि तो ३५ प्रत्येक फॉर्म्युल्यात कोंबू नकोस. एका सेलमध्ये लिही, फॉर्म्युल्यात त्या सेलचा पत्ता दे आणि एफ४ दाबून त्याला डॉलरची खूण लाव, म्हणजे खाली ओढताना तो पत्ता सरकत नाही. उद्या चाचणी २० गुणांची निघाली तर एकच सेल बदलायचा.

निकाल छापायला देण्याआधी 'तपासा'ची ओळ न् ओळ वर्गशिक्षिकेला दाखव. आणि अडलीस तर रात्री कितीही वाजलेले असोत, मला फोन कर.